उतरत्या सेलवरचा आयरिश बँड

जगातला सगळ्यात थोर आयरिश बँड कोणता, याचा निकाल दारव्हा रोडवर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, एका सकाळी लागला. जगाला तो अजून कळलेला नाही. मी तिथे हजर होतो, एका बाजूचा वकीलही होतो, म्हणून लिहून ठेवतो. बँडांची नावं मात्र लिहिणार नाही. नावं लिहिली की लोक आपापली मतं घेऊन भांडायला येतात, आणि या एका बाबतीत माझ्याशी कुणी भांडलेलं मला सोसत नाही.

आमच्या गावाचा आणि आयर्लंडचा संबंध एका कॅसेटपुरता. मी आणि माझा मित्र कॉलेजच्या फॉर्मासाठी यवतमाळला गेलो होतो. बसस्टँडजवळच्या एका दुकानात न खपलेल्या कॅसेटींची टोपली बाहेर मांडलेली होती. त्यातल्या एकीवर चार पोरं तोंड पाडून उभी होती. "आपल्यासारखेच दिसून राह्यले बे," मित्र म्हणाला, आणि तेवढ्यावर आम्ही ती घेतली. आतल्या कागदावर त्यांच्या गावाचं नाव होतं. शाळेच्या नकाशात ते इंग्लंडभर शोधलं, सापडेना. शेवटी बाजूच्या लहान बेटावर सापडलं. मोठ्या शेजाऱ्याला खेटून बसलेलं आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेलं ते बेट बघून मित्र म्हणाला, "हा तर विदर्भच हाय." त्या दिवसापासून तो बँड आमचा झाला.

मित्राचं घर बुद्धविहाराच्या मागे, वडील शाळेत मास्तर. माझं घर मारुतीच्या पाराजवळ, कापूस-तुरीचं. गावाच्या या दोन टोकांच्या मधोमध आमचा बैलांचा कोठा होता, आणि कोठ्यात माझा टेप. टेपची विजेची वायर उंदरांनी कधीच खाल्ली होती, त्यामुळे तो सेलवर चालायचा. आणि सेलच्या बाबतीत आमच्या घरात कायदा होता. नवे सेल आधी बाबांच्या बॅटरीत जायचे, कारण रात्री वावरात रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं शिरत, आणि त्यांना हाकलायला लख्ख उजेड लागे. बॅटरी मिणमिणायला लागली की ते सेल माझ्याकडे यायचे. मी ते टिनावर उन्हात वाळवायचो. उन्हाने सेलात थोडा जीव येतो. तेवढ्या जिवावर आम्ही आमचा बँड ऐकायचो.

काय गायचे ते! रात्रभर पिकाला पाणी देऊन, ओलीत करून सकाळी घरी परतणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं, जड आणि सावकाश. गाणारा प्रत्येक शब्द जमिनीतून उपटून काढल्यासारखा काढायचा. इंग्रजी आम्हाला अर्धंही कळत नव्हतं, पण तो माणूस कशाबद्दल बोलतो आहे याची आम्हाला पक्की खात्री होती. एका गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबल्यासारखी होत आणि तो एकटाच खोल आवाजात काहीतरी म्हणे. तिथे आम्ही दोघं बोलायचं थांबत असू. बैलसुद्धा रवंथ थांबवतात असं मित्राचं म्हणणं होतं.

मग तो पुण्याला गेला, इंजिनिअरिंगला. मी गेलो नाही. बाबांची कंबर गेली होती आणि वावर थांबत नाही. जाताना तो कॅसेट मला देऊन म्हणाला, "तू ठेव. तिकडं कोठा नाई." मी ठेवली. वर्षभर एकट्याने ऐकली, आणि तो दिवाळीला येईल तेव्हा आपण दोघं कोठ्यात बसून ऐकू, हे वर्षभर ठरवत राहिलो.

दिवाळीला तो आला, पण एकटा आला नाही. त्याच्याबरोबर त्याचा रूममेट होता, अस्सल पुण्याचा. मी त्याला मनातल्या मनात पाहुणा म्हणायचो आणि अजूनही त्याला दुसरं नाव द्यायची माझी इच्छा नाही. उंच, गोरा, बोलायला मऊ. त्या वर्षांत कापसाचं जे झालं होतं त्यामुळे बाहेरचा माणूस आमच्या तालुक्यात उतरायचा तो चेहरा पाडूनच उतरायचा. हाही तसाच उतरला. मला म्हणाला, "इकडची परिस्थिती पेपरात वाचली. फार वाईट वाटतं." मी म्हटलं, "चहा घेणार?" चहा घेतानाही त्याचा चेहरा पडलेलाच होता.

त्यात आमची गाडी रांगेत होती. सरकारी कापूस खरेदी उशिरा सुरू झालेली, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मनात येईल तेव्हा वजनाचा काटा सुरू करणार, त्यामुळे गाड्या रस्त्याच्या कडेने दूरवर लागलेल्या. गाडी सोडून हलता येत नाही, हलला की मागचा पुढे सरकतो. म्हणून माझी दिवाळी कापसाच्या ढिगावरच चालली होती. मित्र रोज माझा डबा घेऊन यायचा. पाहुणाही यायचा. डबा माझ्या हातात देऊन ते दोघं गाडीच्या सावलीत बसायचे, आणि पाहुणा वॉकमन काढायचा. हेडफोनची कडी वाकवून एक बाजू स्वतःच्या कानाला, एक माझ्या मित्राच्या कानाला. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली, पाय एका तालावर हलणारे. मी वर बसून भाकरी खात होतो. ती भाकरी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

आणि बोलणं! माझा मित्र, जो जन्मभर 'मले' आणि 'तुले' बोलला, तो त्या पाहुण्यासमोर 'मला' आणि 'तुला' करत होता. मधूनच माझ्याकडे वळून बोलताना तो रूळ बदलायचा, पण बदलायला त्याला एक क्षण लागायचा. तो क्षण मी मोजत बसायचो आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

"काय ऐकून राह्यले?" मी शेवटी विचारलं.

पाहुण्याने सांगितलं. दुसरा आयरिश बँड. त्यात एक बाई गाते, गाताना तिचा आवाज मधेच फुटतो. "आयर्लंडमधला ऑल टाइम ग्रेट," तो म्हणाला. "याच्यापुढे बाकीचे सगळे दुय्यम."

मी मित्राकडे बघितलं. तो बोटाने मातीत रेघा ओढत राहिला. पाहुण्याचा राग मला आलाच होता, पण त्या रेघांचा जास्त आला. आमच्या बँडला कुणी दुय्यम म्हणतं आणि हा रेघा ओढतो?

"उद्या टेप आणतो," मी म्हटलं. "दोन्ही वाजवू. रांग ठरवंन."

घरून टेप मागवला. आणि मग मी ते केलं जे आमच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या टपरीवरून नवेकोरे सेल घेतले आणि ते बॅटरीत न घालता सरळ टेपात घातले. आमचा बँड पुण्यासमोर उभा राहणार होता, तो उपाशीपोटी कसा उभा करायचा? लोकांच्या मताचं मला फारसं पडलेलं नव्हतं. मला फक्त एक मत हवं होतं, मित्राचं. ते त्याने सगळ्यांसमोर, पाहुण्याच्या तोंडावर द्यावं, एवढंच हवं होतं.

सकाळी बातमी रांगभर फिरली. रिकामटेकडी रांग, काटा बंद, कुणाला काम नाही. मागच्या गाडीवरचा म्हातारा आपण होऊन सरपंच झाला. "कोनाचा बँड वाजते? लगन कोनाचं?" त्याने विचारलं. मी समजावलं. "परदेशातला बँड होय? मंग लावा न बापा, ऐकू. ग्रेडर तं काई वाजवून नाई राह्यला."

आधी पाहुण्याची कॅसेट. बाई गायला लागली. लोक शांतपणे ऐकत होते. तिचा आवाज फुटला तिथे म्हाताऱ्याने मान हलवली. "दुखनं हाय बाईले काहीतरी," तो म्हणाला, "पन गाते साजरी." ती खरंच साजरी गात होती.

मग मी आमची कॅसेट घातली. तो एकटाच म्हणतो त्याच गाण्यावर आणून ठेवली होती. बटण दाबलं.

आतून कुणीतरी भलताच निघाला. पातळ, घाईचा आवाज, जसा शेवटची एसटी सुटते आहे आणि हा मागे पळतो आहे. ढोल टणाटणा. वाद्यं थांबायची ती जागा आली आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गेली. मला वाटलं टेप बिघडला. बंद केला, परत लावला. परत तोच पळणारा माणूस.

रांग हसायला लागली. "अबे, याच्या मांगं कुत्रं लागलं काय?" कुणीतरी ओरडलं. म्हातारा म्हणाला, "बाईच बरी." बाकीच्यांनीही बाईलाच कौल दिला. पाहुणा हसला नाही, आणि त्याचं न हसणं मला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. दया आल्यासारखं तोंड करून तो म्हणाला, "नाही, चांगलं आहे हेही. खरंच."

मी मित्राकडे बघितलं. त्याचं मत अजून व्हायचं होतं. आणि त्याच्याकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की त्याला आश्चर्य वाटलेलंच नाही. त्याने हा पळणारा माणूस आधी ऐकला होता. पुण्यात, विजेवर, चांगल्या टेपवर, जिथे रीळ पूर्ण वेगाने फिरतं. त्याला वर्षभर माहीत होतं की आमचा तो जड, सावकाश बँड उतरलेल्या सेलांनी केलेला आहे, आणि त्याने मला कळू दिलं नव्हतं. कालच्या रेघांचा अर्थ आता लागला.

तो उठला. माझ्या हातातून टेप घेतला, मागचं झाकण काढलं आणि ते नवे सेल बाहेर काढून माझ्या खिशात कोंबले. मग माझ्या उशाची बॅटरी उघडली. रांगेतल्या रात्रींनी ती पार मिणमिणली होती. तेवढ्याने भागेना, तर तो मागच्या गाडीपाशी गेला.

"बुढेबुवा, तुमच्या बॅटरीतले सेल द्या. उतरलेलेच पाह्यजे."

"उतरलेले कायले? नवे हायेत न यायच्याजवळ."

"नव्यावर हा मानूस गात नाई," मित्र म्हणाला.

म्हाताऱ्याने दिले. अजून एका गाडीवरून कुणीतरी एक फेकला. मित्राने ते घातले, कॅसेट मागे नेली, बटण दाबलं. टेपने आधी जरासा दम घेतला. आणि मग तो आला. आमचा. ओलीत करून आलेला, जड पायांचा, एक एक शब्द उपटणारा. वाद्यं थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, कोठ्यातही कधी बघत नसू. तो खोल आवाजात म्हणाला ते म्हणाला. रांगेतलं हसू विरलं होतं. म्हाताऱ्याने बिडी पेटवायला काढलेली काडी तशीच हातात धरली होती.

"हा," मित्र म्हणाला. "माह्यं मत याले. हा आपला."

मला ते मिळालं होतं. सगळ्यांसमोर, पाहुण्याच्या तोंडावर, आणि शब्द जुळवायला तो एक क्षणही अडखळला नव्हता. विजयाने पाहुण्याचा चेहरा बघावा म्हणून मी वळलो.

पाहुणा टेपसमोर उकिडवा बसला होता. त्याने टेप उचलून मांडीवर घेतला होता आणि कान जाळीला लावला होता. त्याचा तो पडलेला चेहरा कुठेच नव्हता. "हेच का रे ते?" त्याने माझ्या मित्राला विचारलं. मग मला म्हणाला, "वर्षभर डोकं खाल्लंय याने माझं. खरा बँड गावाला आहे, खरा बँड गावाला आहे. हॉस्टेलवर तीच कॅसेट आणून जुने सेल घालून बघितले, बोटाने रीळ दाबून बघितलं. हा म्हणायचा, नाही, तसं नाही, ते माझ्या मित्राकडेच वाजतं. दिवाळीला घरी जायचं सोडून मी हे ऐकायला आलोय."

म्हणजे ज्याच्यावर मी भाकरीचा घास अडकेपर्यंत जळत होतो, तो वर्षभर माझ्या कोठ्यावर जळत होता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण पुरतं वाटायच्या आत दुसरंच मनात उठलं. याला सांगितलंच कशाला? कोठा, बैल, ती थांबायची जागा, हे सगळं पुण्याच्या एका खोलीत उघडून दाखवायची काय गरज होती? आमच्या दोघांचं म्हणून जगात एवढंच तर होतं.

पुढे ओरडा झाला. काटा सुरू झाला होता. रांग हलली. मित्र बैल जुंपायला धावला आणि धावता धावता मला म्हणाला, "चाल बे, कापूस घालायचा हाय." पाहुणा तसाच बसला होता, डोळे मिटून, टेप मांडीवर.

गाणं संपलं नव्हतं. तरी मी त्याच्या मांडीवरून टेप उचलला आणि माझ्या मांडीवर घेतला. आजही उचलीन.