माहेरचा सब्जा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही, आणि त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तुम्हाला सांगतानासुद्धा भीती वाटते. या वयात कसली भीती, म्हणाल — पण आहे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आणि मोताळ्याजवळच्या सासरच्या घरात मीही. सासूबाईंचा खोकला हटत नव्हता. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या गयाबाईनं लुगड्याच्या टोकाला बांधून मला सब्जाचं बी आणून दिलं. राखेत मिसळून भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, ओलं गोणपाट झाकायचं — सगळं तिनंच शिकवलं. आठवड्यात अंगणात हिरवी लव उठली. पुढं पानांचा काढा केला, मिरं-गूळ घालून. खोकला उतरला.

सासूबाईंनी विचारलं, "कुठलं वं बी?"

गयाबाईच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. त्याआधीही आणि त्यानंतरही तिच्या हातचं पाणी आमच्याकडे चालत नव्हतं. मग बी चाललं असतं? मी म्हणाले — माहेरचं.

एवढ्यावर राहिलं असतं तर! पण सासूबाई त्याला तुळशीची बहीण म्हणू लागल्या, पानं देवाच्या तीर्थात पडू लागली. रोज तीर्थ घेताना एकच विचार यायचा. कळलं तर? बाटवलं म्हणून माहेरी धाडतील — आणि आईला काय सांगू?

मग हिवाळ्यात गयाबाई अंगणात आली. सासूबाई दारातच बसलेल्या.

"पोरीची छाती भरली, बाई. माह्यं झाड बकरीनं खाल्लं. चार पानं द्या मले."

मला वाटलं, आता बोलते ही — माह्यंच बी हाये म्हणून. ती बोलण्याआधी मीच बोलले. "देवाचं झाड हाये ते. पानं नाही भेटत."

हो, मीच. सासूबाई नव्हेत.

गयाबाईनं झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एका शब्दात ती मला उघडं पाडू शकली असती. तिनं पदर सावरला आणि गेली. मला काय वाटलं सांगू? — सुटले, असं वाटलं. पोरीचा विचार नंतर आला.

पोर महिनाभर अंथरुणाला होती म्हणे, मग उठली. 'म्हणे', कारण तिच्या वस्तीपर्यंत जाऊन विचारायला मी गेले नाही. गयाबाई पुन्हा आमच्या शेतात आली नाही.

त्याच झाडाचं बी मी दरसाल धरते, राखेत मिसळून पेरते. परवा नातसुनेनं विचारलं, आजी, हे बी कुठलं? घरात आम्ही दोघीच होतो. सासूबाई नाहीत, कुणी मला कुठं धाडणार नव्हतं.

माहेरचं, म्हणाले मी.