सतरा कुलपांची भीती

आम्ही बंगले सांभाळणारे चार-पाच जण नागावच्या नाक्यावर चहाला बसलो की किस्से निघतातच. हसतो भरपूर, पण प्रत्येकाचा एक हात खिशावर! माझ्याकडे मुंबई-दुबईवाल्यांच्या सतरा बंगल्यांच्या चाव्या आहेत. चोरी झाली की पहिला संशय चावीवाल्यावर. या भीतीने मला धड झोप लागत नाही.

*

चावीवर बंगल्याचं नाव लिहायचं नाही, हा आमचा नियम. हरवली तर चोराला पत्ताच मिळेल ना! म्हणून मी बायकोच्या नेलपॉलिशने खुणा केल्या. महिन्याभरात रंग उडाले. मग काय, एकेका कुलपात सतरा चाव्या घालून बघत बसलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, कुनाचं कुलूप फोडतंस?"

*

पांडूदादा आमच्यात सीनियर. चाव्या करदोट्याला बांधतात. रेवसच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना करदोटा तुटला आणि एक चावी पाण्यात! कुठली, ते कळेना. दादा तसेच मागे फिरले आणि एकेक बंगला उघडून बघत सुटले. सगळे उघडले. गेली होती ती त्यांच्या स्वतःच्या घराची!

"वाचलो बाबा!" म्हणाले, आणि आपलं कुलूप दगडाने फोडलं.

*

एकदा एका बंगल्याचं दार मला नुसतं लोटलेलं दिसलं. बाहेरून कडी घातली, पांडूदादांना हाक मारली. काठ्या घेऊन आठ माणसं जमली.

आतून आवाज, "अरे, मी मालक आहे, मालक!"

दादा म्हणाले, "सगले चोर असंच बोलतान!"

मालक न कळवता आपल्या चावीने आले होते. अर्धा तास कोंडले गेले.

*

दुबईच्या मॅडमचा बंगला मी सात वर्षं सांभाळतोय. सगळं फोनवरच, मला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या भावाने कॅमेरा बसवला, मला कुणी सांगितलं नाही. दुपारी खिडक्या उघडायला आत गेलो, तर मॅडमचा फोन.

"लवकर जा! बंगल्यात चोर आहे, मोबाईलवर दिसतोय. हॉलमध्ये!"

मी हॉलमध्येच उभा. हळूच विचारलं, "कुठं हाय, मॅडम?"

"सोफ्याजवळ! हातात ढीगभर चाव्या आहेत! आता साथीदाराला फोन लावलाय त्याने. मी पोलिसांना कळवलंय!"

सोफ्याजवळ मीच होतो. वर बघितलं, तर कोपऱ्यात बारीक लाल दिवा. मी चाव्यांसकट हात जोडले.

"मॅडम, मी हाय. तुमचा दिनेश."

मग मॅडम म्हणाल्या,

"कशावरून?"