नानांचा मुरत ठेवलेला डबा

माझे सासरे, नाना, पाइप ओढायचे आणि मीही पाइप ओढतो, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्ही एकमेकांना पाइप ओढताना पाहिलेलं नव्हतं. म्हणजे तसं समजायचं ठरलं होतं. त्यांचा धुळ्याचा ओटा रस्त्याला लागून, त्यांच्या तंबाखूचा वास कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. माझा धूर गच्चीवरून खाली त्यांच्याच ओट्यावर उतरायचा. तरीही मी त्यांच्यासमोर ओढायचा नाही आणि त्यांनी मला ओढताना बघायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मोठ्या माणसापुढे धूर काढायचा नाही, आणि जावयाने तर नाहीच नाही. "बापाने तुम्हाला मुलगी दिली, गच्ची नव्हती दिली," असं बायको म्हणायची, पण तिच्याकडे कोण लक्ष देतो.

नानांना हा नाद भुसावळला लागला. तिथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात ते फिटर म्हणून लागले तेव्हा त्यांच्या वरचा फोरमन पाइप ओढायचा. निवृत्त होताना त्याने आपला एक जुना पाइप नानांच्या हातात ठेवला आणि एकच अट घातली, की ह्यात गोड तंबाखू भरायचा नाही. नानांनी ती अट नोकरीच्या नियमांपेक्षा कडक पाळली. मला हे व्यसन पुण्यात शिकताना लागलं. पण आम्ही दोघं एका पंथाचे निघालो हा निव्वळ योगायोग. बाजारात चेरीचा, व्हॅनिलाचा, चॉकलेटचा तंबाखू मिळतो. तो ओढणाऱ्या माणसाने सरळ अगरबत्ती पेटवून शेजारी बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा तो इंग्लिश पद्धतीचा. त्यात वरून काही शिंपडलेलं नसतं, नुसतं पान असतं. व्हर्जिनियाचं थोडं गोडसर पान, तुर्कस्तानकडचं आंबूस वासाचं पान, आणि लाकडाच्या धुरावर महिनोन् महिने धुरावलेलं काळं लाटाकिया. लाटाकिया काय चीज आहे हे माझ्यासारख्या जळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली की दुसऱ्या दिवशी सदऱ्याला जो वास येतो, तोच तो. मी पहिल्यांदा ओढला तेव्हा मला भाकरीची आठवण झाली होती.

मेहुणा परदेशात असतो. तो सुट्टीला आला की एकाच तंबाखूचे दोन डबे आणायचा. एक नानांना समोर द्यायचा आणि दुसरा "चुकून" माझ्या बॅगेत पडायचा. मग आम्ही जळगावच्या पिंप्राळ्याहून धुळ्याला गेलो की परीक्षण सुरू. संध्याकाळी नाना ओट्यावर, मी गच्चीवर. जिन्याने अक्कांच्या खेपा. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणतो. नानांना त्या त्यांच्या पाठीमागे प्रेमाने डोकरा, म्हणजे म्हातारा, म्हणायच्या, आणि नानांचं मत माझ्यापर्यंत त्याच आणायच्या.

"जवाईबापू, डोकरा म्हनस, यामा धूर भू शे, गोडवा कमी शे."

"त्यांना म्हणावं, तुमचा पाइप गार होऊ द्या, मग गोडवा लागेल."

अक्का खाली जायच्या. वर यायच्या. "डोकरा म्हनस, तेना पाइप थंडाच शे. तुमना तपेल शे."

हे खरं असायचं. मी घाईघाईने झुरके मारायचो, पाइप तापायचा, जीभ पोळायची, आणि दोष तंबाखूला द्यायचो. नाना मात्र बसल्या बसल्या झोप लागावी इतक्या सावकाश ओढायचे. पण त्यांना तुर्की पानाचं भारी वेड. कुठल्याही डब्यात ते त्यांना कमीच वाटायचं. मी त्याबद्दल जे जे बोललो ते अक्कांनी जसंच्या तसं खाली पोहोचवलं असणार, कारण एकदा जेवताना नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले होते, "काही लोकांना वांग्याच्या पुढे चव कळत नाही." मी मुकाट्याने वरण वाढून घेतलं.

ह्या रिवाजापायी माझा एक शर्टही गेला. नाना कधी गच्चीवर येत नसत, पण एका दिवाळीला पाण्याची टाकी बघायला आले. येताना ते जिन्यात मोठ्याने खोकले, म्हणजे मला तयारीला वेळ मिळावा. मी पेटता पाइप खिशात घातला. शर्ट त्यांनीच दिलेला, दिवाळीचा, नवा. नानांनी टाकी बघितली, झाकण वाजवून पाहिलं, माझ्या खिशातून निघणाऱ्या धुराकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "यंदा उकडतंय जरा." मग सावकाश खाली उतरले. ते दिसेनासे होईपर्यंत मी ओरडलोसुद्धा नाही.

गेल्या वर्षी नानांच्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आला. तुकडा काढून तपासला, त्यात काही वाईट निघालं नाही, पण डॉक्टर म्हणाले, आता ह्या तोंडाला तंबाखूचा धूर लागता कामा नये, एक झुरकासुद्धा नाही. आम्हाला वाटलं, म्हातारा चोरून ओढणार. पण नानांनी त्याच दिवशी सगळे पाइप धुऊन, पुसून, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून कपाटात टाकले. पुन्हा हात लावला नाही. मला त्यांचा धाक आणखी वाटायला लागला. मी स्वतः हे करू शकलो असतो असं मला वाटत नाही.

पण एक काटा राहून गेला होता, आणि तो सगळ्या घराला माहीत होता. लोखंडी कपाटावर नानांचा एक डबा होता. गोल, पत्र्याचा, न उघडलेला. मेहुण्याने पहिल्या पगारातून आणलेला. नानांचं म्हणणं, चांगला तंबाखू आंब्याच्या लोणच्यासारखा असतो, तो मुरू द्यावा लागतो. हे खरंही आहे. बंद डब्यात वर्षानुवर्षं राहिलेला तंबाखू मऊ होतो, त्याच्या चवीच्या धारदार कडा जातात. म्हणून नानांनी तो मुरत ठेवला, मुरत ठेवला, आणि उघडायची वेळ आली तेव्हा त्यांचं तोंडच बंद झालं. गावच्या गोष्टी बोलता बोलता ते मधेच वर बघायचे. "कसा झाला असेल कोण जाणे," म्हणायचे. एरवी कसलीच हळहळ न करणारा माणूस त्या एका डब्यासाठी झुरत होता, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं.

ह्या हिवाळ्यात आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा नानांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मधे स्टुलावर तो डबा, माचिस आणि फडक्यातून काढलेला त्यांचा फोरमनचा पाइप.

"बसा जावईबापू," ते म्हणाले. "पेटवा."

मी म्हटलं, "नाना, तुमच्यासमोर?"

"मग काय शेजाऱ्यासमोर? मला तोंडाला मनाई आहे, नाकाला नाही. मी लांब बसतो. तुम्ही ओढा आणि कसा झालाय ते सांगा."

ज्यांच्यापुढे मी पाय पसरून बसलो नाही, त्यांच्यापुढे, त्यांच्याच पाइपने धूर काढायचा! बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने हसू दाबत होती. नानांनी डब्याच्या झाकणाखाली नाणं सरकवलं आणि पीळ दिला. नव्या डब्याचं झाकण उघडताना आत हवा शिरते, तिचा फुस्स असा आवाज येतो. आम्ही दोघंही कान देऊन होतो. आवाज आला नाही. झाकण तांब्यावरच्या ताटलीसारखं अलगद निघालं.

नानांनी मान वळवली. मी डबा उलटा करून पाहिला. तळाच्या कडेला गंजाची बारीक रेघ होती आणि तिच्यात हळद बसली होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेल्वेत असल्यापासून नाना खंडेनवमीला हत्यारांची पूजा करत. नटबोल्टचे पाने, हातोडी, करवत, आणि त्यांच्या पंगतीत पाइप आणि हा डबा. दर वर्षी डब्यावर पाणी शिंपडलं जाई, हळदकुंकू लागे, झेंडूचं ओलं फूल ठेवलं जाई, आणि मग तो तसाच स्लॅबखालच्या कपाटावर, धुळ्याच्या मे महिन्यात भाजायला. ज्याची इतकी काळजी घेतली, त्याला पूजेनेच भोक पाडलं होतं.

तंबाखू बोटात धरला तर त्याचा चुरा झाला. भरला, पेटवला. पहिली काडी विझली. दुसरीने पेटला. तोंडात काय आलं म्हणाल तर कडबा. जुना, उन्हात पडलेला कडबा. लाटाकिया नाही, तुर्की नाही, काही नाही.

नाना खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. "कसा?"

"छान," मी म्हणालो. "एकदम मऊ झालाय नाना."

"तुर्की?"

"आहे ना. भरपूर आहे."

नानांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. ते मागे टेकले आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, इतकी वर्षं भिंतीआडून खरं बोललात. आज समोर बसवलं तर खोटं बोलता? तुर्की भरपूर आहे असं तुम्ही जन्मात म्हणाला नाहीत."

माझी मान खाली गेली. रिवाज मोडायला जीभ तयार झाली होती, पण आदर असा चिकटलेला असतो की धूर निघाला तरी खरं निघत नाही. मी पाइप स्टुलावर ठेवला.

"गेलाय, नाना."

"किती?"

"पार. नुसतं गवत झालंय."

मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय. त्यांनी डबा उचलून नाकाशी नेला, तळाची हळद बघितली, अंगठ्याने खरवडली. "माझ्याच हाताने," एवढंच म्हणाले, आणि डबा कुंपणापलीकडे फेकायला उठले.

अक्का परसात वालाच्या वेलाशी होत्या. वेलाच्या शेंड्यांवर काळ्या माव्याचा, त्या बारीक किडीचा, थर बसला होता आणि त्या सकाळपासून त्याला शिव्या घालत होत्या. त्यांनी तिथूनच हात केला.

"फेकू नका हो, माले द्या ते! वेलले बठ्ठा मावा लागी गया."

नानांच्या हातातून डबा घेऊन त्यांनी सगळा तंबाखू बादलीत ओतला आणि चुलीवरचं उकळतं पाणी त्यावर सोडलं. तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. वर्षानुवर्षं जपलेली ठेव अशी बादलीत गेलेली बघून मी तोंड फिरवलं.

आणि वास आला.

आधी भाजल्या वांग्याचा, मग जुन्या चामड्याचा, मग काहीतरी आंबूस, गोडसर. वाळून खडखडीत झालेल्या पानांना गरम पाणी लागलं आणि त्यांच्या पोटात दडून बसलेलं सगळं वाफेबरोबर वर आलं. मी वळून बघतो तर नाना बादलीपाशी पोहोचलेले. गुडघे दुखतात म्हणून देवाला खाली न वाकणारा माणूस उकिडवा बसला होता, दोन्ही हात बादलीच्या काठावर, डोळे मिटलेले. मीही धावलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. वाफेत आमची डोकी जवळजवळ टेकली होती.

"हं," नाना म्हणाले. "मुरलाय. बघा, धुराला टोक राहिलं नाही. चांगला मुरलाय हो."

"मुरलाय नाना," मी म्हणालो, आणि ह्या वेळी ते खरं होतं.

"फक्त तुर्की कमी आहे."

"कमी कुठे आहे? हा आंबूस वास कसला येतोय मग?"

"तो बादलीचा आहे."

"बादली प्लास्टिकची आहे, नाना! तुम्हाला ना, तुर्की पानात बुडवून काढलं तरी ते कमीच वाटेल."

बोललो आणि जीभ चावली. त्यांच्या तोंडावर, इतक्या जोरात, मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. नानांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझं डोकं आणखी खाली, वाफेत दाबलं.

"घ्या नीट वास," ते म्हणाले, "आणि मग भांडा."

आम्ही भांडलो. पाणी कोमट होईपर्यंत भांडलो, नानांनी मला वांग्याचा भक्त म्हटलं, मी त्यांना हट्टी म्हटलं, आणि शेवटी अक्का फडकं आणि पंप घेऊन डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"सरका बरं दोन्हीजन," त्या म्हणाल्या, "पहिले मावा मरू द्या."