तोरणाचे दोन खांब

“मॅडम, हे खांब तुमच्या नकाशात आहेत का जी?”

देवरावकाकांनी विचारलं तेव्हा मी टोटल स्टेशनला डोळा लावून उभी होते. टोटल स्टेशन म्हणजे तिपाईवर बसवलेलं मोजणीचं यंत्र. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या कडेला काकांचं वावर. त्यावर आता लेआउट पडणार होतं, म्हणजे कपाशीच्या जागी प्लॉट आणि रस्ते. आखणी माझी. स्वतःचं ऑफिस टाकल्यावरचं पहिलंच मोठं काम, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते.

“आहेत ना काका. प्लॉट पाडताना काढून टाकू.”

“मंग पोळ्याचं तोरण कुठी बांधाचं?”

रोडलगतचा तेवढा तुकडा काकांनी कधी नांगरलाच नव्हता. पोळ्याला गावातले सजवलेले बैल तिथं जमायचे, आणि त्या दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचा मान काकांच्या घराण्याचा. वावर देताना त्यांची एवढीच अट होती, तीही तोंडी. आमचे डेव्हलपर प्रमोदभाऊ ‘हो’ म्हणाले होते आणि विसरूनही गेले होते.

कोणत्याही लेआउटमध्ये थोडी जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते. ती ओपन स्पेस. बहुतेक डेव्हलपर ती मागे नाल्याजवळ ढकलतात. आमचीही तिथंच होती. मी प्रमोदभाऊंना म्हटलं, ओपन स्पेस समोर घेऊ, खांब तसेच राहतील.

“रोडले लागलेले रोडटच प्लॉट सोडून देऊ? मॅडम, तुम्ही माह्यं काम करून राह्यल्या का गावाचं?”

“काकांना शब्द दिलाय तुम्ही.”

“अहो, बैलजोड्या किती उरल्या गावात? आता काय ट्रॅक्टरले तोरण बांधता?”

जोड्या खरंच कमी झाल्या होत्या.

“सोमवारी प्लान मंजुरीले टाकून द्या. अन् त्याच्या आधी तान्ह्या पोळ्याची सुट्टी आहे, त्या दिवशी बुकिंगवाल्यांले साइट दाखवतो.”

तान्हा पोळा मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. लहान मुलं लाकडी बैल सजवून त्याच तोरणाखाली आणतात. वर्ध्यात जन्मलेला माणूस त्याच दिवशी साइट व्हिजिट ठेवतो! मला हसू फुटत होतं. पण मी म्हटलं, “ठेवा की.”

त्या दिवशी गाड्या आत शिरेनात. अख्खं मैदान पोरांनी भरलं होतं. गावातली पोरं, नव्या कॉलन्यांमधली पोरं, कोणी शंकर झालेलं, कोणी शेतकरी. कोणाचा बैल तळहातावर मावणारा, तर एकाचा एवढा मोठा की मागून बाप ढकलतोय. प्लॉट दाखवायला मी ठोकलेल्या खुंट्यांना पोरांनी आपापले बैल बांधून टाकले होते. माझी आखणी इतकी छान कधीच दिसली नव्हती.

प्रमोदभाऊ घाम पुसत आले. “मॅडम, साइट कुठी गेली?”

“ह्यांच्याखाली आहे.”

तेवढ्यात बुकिंगवाल्यांतल्या एक शिक्षिका गाडीतून उतरल्या. मूळच्या रोहणा गावच्या, बदली वर्ध्याला. त्यांनी डिकी उघडली आणि आतून झूल घातलेला लाकडी बैल काढून लेकीच्या हातात दिला. मग बाकीच्या गाड्यांच्या डिक्या उघडल्या. प्रत्येकीत बैल!

“प्रमोदभाऊ, इथचा पोळा दरसाल भरन ना?” बाईंनी विचारलं. “नाई तं आम्ही दुसरीकडं पाहतो.”

प्रमोदभाऊंनी खांबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भरन ना ताई! ओपन स्पेसच आहे हे. नकाशातच आहे. काऊन मॅडम?”

नकाशात तिथं रोडटच प्लॉटांची रांग होती.

“आहेच,” मी म्हटलं. मला तर त्या पोरांमध्ये जाऊन नाचावंसं वाटत होतं. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून मी तिथल्या तिथं ओपन स्पेस समोर आणली आणि प्लॉट मागे सरकवले. कागद वाऱ्यानं उडत होता, तर काकांनी कुणाचा तरी बैल त्यावर ठेवला. मग खांबांकडे जाऊन त्यांनी “हर हर महादेव” असा आवाज दिला की सगळं मैदान ओरडलं.

सोमवारी हाच प्लान गेला आणि मंजूर झाला. मैदानासमोरचे प्लॉट सर्वांत आधी गेले. ही आयडिया आपली होती, असं प्रमोदभाऊ अजून सांगतात. यंदा मोठ्या पोळ्याला तोरणाखाली एकच खरी जोडी होती. दुसऱ्या दिवशी मात्र लाकडी बैलांना मैदान पुरेना. देवरावकाका दोन्ही दिवस नवं धोतर नेसून खांबाशी उभे होते.

आता साइटवर एखादा खांब दिसला की मी आधी विचारते, याला काय बांधता? आणि क्लायंट ऐकतच नसेल, तर व्हिजिटची तारीख त्यालाच ठरवू देते.