मुखपृष्ठावरची बाई

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर मी वर्षानुवर्षे जी बाई काढली, ती माझी पत्नी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक चित्रकार आपल्या बायकोला समोर बसवून मासिकांसाठी चित्रं काढायचा. ती वारली आणि त्याचं कामही आटलं. रद्दीत मिळालेल्या त्या मासिकांमधून मी तिचा चेहरा उचलला. हॅट काढून अंबाडा घातला, कुंकू लावलं. लोक पत्नीला म्हणायचे, "वहिनी, या तुम्हीच की." ती लाजायची आणि मी तो गैरसमज तसाच राहू द्यायचो.

आता शारजातल्या रोल्ला भागात, मुलाच्या फ्लॅटमध्ये ती अंथरुणाला खिळली आहे. मुलालाही ओळखत नाही, पण भिंतीवरचं मुखपृष्ठ दाखवून नर्सला सांगते, "देखो, ये मैं हूँ."

ती जायच्या आत एकदा तरी तिचं खरं चित्र काढायचं होतं. परवा तिच्यासमोर बसलो. या वेळी चेहरा तिचाच उतरला. तिने कागद बराच वेळ न्याहाळला.

"ही म्हातारी कोण हो? माझं काढा ना, त्या भिंतीवरच्यासारखं."

मी दुसरा कागद घेतला आणि पुन्हा त्या अमेरिकन बाईचा चेहरा काढू लागलो.