आजारी पडायची नोकरी

माझी मावशी आठवड्यातून तीनदा आजारी पडते, आणि तीच तिची नोकरी आहे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात ती रुग्ण होते. त्या वर्गाची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. तिचं नावही मीच सुचवलं होतं. जन्मभर शिवणकाम केलेली ही बाई आता शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवते, केस विस्कटते, चष्मा काढते आणि झकास कण्हते.

"आज काय झालंय?" काका विचारतात.

"साखर वाढलीय."

"मग चहा बिनसाखरेचा करू?"

"साखर वर्ग सुटेपर्यंतच वाढलीय. चहा नंतर आहे."

वर्गातल्या एका मुलीला मावशीने 'एक्सप्रेस' नाव ठेवलं होतं. रुग्णाला धीर देणारं वाक्य बोललं की परीक्षेत गुण मिळतात. ते हातचे जाऊ नयेत म्हणून ही मुलगी कॅमेरा सुरू होताच म्हणायची, "काकू, तुमचा त्रास मी समजू शकते."

"अगं बये, मी अजून तोंड तरी उघडलंय का?"

सगळे हसायचे, तीही हसायची. पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तेव्हा तिचं हसू मावळलं. तिसरी संधी शेवटची होती. हुकली असती तर अख्खं वर्ष पुन्हा.

त्या दिवशी मावशीला रक्तदाब होता. गोळ्या बंद केल्यात, पण सांगायचं नाही; मुलीने बोलायला जागा दिली तरच खरं कारण सांगायचं, असं वर्ग घेणाऱ्या बाईंनी मावशीला बजावलं होतं.

"काकू, गोळ्या घेता ना?" एक्सप्रेसने विचारलं.

"घेते की," म्हणून मावशीने मान खाली घातली.

आणि पडद्यावरची मुलगी थिजली. ओठ बंद, पापणी हलेना. नेट गेलं म्हणायचं आणि पुन्हा जोडायचं, हे माझं रोजचं काम. हात बटणावर गेलाही. तेवढ्यात तिच्या कानातलं डूल हललं. मी हात मागे घेतला.

मावशीला चष्म्याशिवाय डूल कुठलं दिसायला? ती लॅपटॉपवर वाकली. "काय गं, अडकलीस का?"

"नाही काकू, ऐकतेय. तुम्ही काहीतरी सांगता सांगता थांबलात असं वाटलं, म्हणून मीही थांबले."

मावशी क्षणभर कण्हायचंच विसरली. मग हळूच म्हणाली, "गोळीने चक्कर येते गं. परवा न्हाणीघरात पडले. घरच्यांना कळलं तर एकटीला बाहेर जाऊ देणार नाहीत."

"लागलं का कुठे?" मुलीने विचारलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. धीराचं वाक्य मात्र ती विसरलीच. बाईंनी तेवढे गुण कापले आणि मावशीला विचारलं, "हिच्याशी पुन्हा बोलाल का?"

"न बोलून सांगते कोणाला? मी तर न विचारलेलंही सांगणार होते!"

एक्सप्रेस पास झाली. कॅमेरा चालू आहे हे विसरून खुर्चीतच उड्या मारत होती.

मावशीने चष्मा घातला, केस बांधले आणि सगळी हकिगत काकांना रंगवून सांगितली. काका गप्प.

"अहो, अडकलात की काय?"

"ऐकतोय," काका म्हणाले आणि चहात साखर घालायला उठले.