मोजणीच्या दिवशी माझ्यामागे लागलेला टेम्पो

सकाळचे साडेनऊ. वसई पूर्व, सातिवलीचा नाका. मी स्कूटरवर, डोक्याला हेल्मेट, छातीत धडधड.

धडधड कशाची, ते सांगतो. पण आधी कबूल करा, ऐकून झाल्यावर हसायचं नाही. हसाल, मला माहीत आहे. बायको अजून हसते.

त्या दिवशी नाक्यावर गाड्यांची मोजणी होती. इथे उड्डाणपूल हवा म्हणून आम्ही किती वर्षं ओरडतोय! पण शहराच्या तिजोरीत एवढा पैसा नाही, तो वरून आणायचा. वरचे म्हणतात, आधी गाड्या मोजून दाखवा. पुरेशा भरल्या तर निधी, नाहीतर बसा धूळ खात. म्हणून कोपऱ्यात छत्रीखाली एक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हातातलं यंत्र अंगठ्याने दाबत होत्या. टिक. टिक. टिक.

आता मला सांगा, एवढा मोठा पैसा टिकटिकीवर ठरणार असेल, तर कोणी सरळ वागेल? या देशात?

मी लबाडी शोधायलाच उभा होतो. आणि सापडली की! एक निळा टेम्पो, मागे ताडपत्री करकचून बांधलेली. गेला. थोड्या वेळाने परत आला. गेला. पुन्हा आला! तोच टेम्पो, तोच मिशीवाला ड्रायव्हर. मोजणी फुगवायला भाड्याच्या गाड्या फिरवतायत! मी तिथूनच आमच्या संपादकाला फोन लावला. संपादक वयाने लहान, मला सर म्हणतो.

"पहिलं पान राखून ठेव."

"सर, पुरावा आहे ना? बातमी चुकली तर लोक म्हणतील, आपल्यामुळे पूल गेला."

"मी कधी चुकलोय?"

"पान राखतो सर, पण मुळ्याच्या भावाची बातमीही तयार ठेवतो." तेव्हाच मी घरी जायला हवं होतं.

त्याऐवजी मी टेम्पोच्या मागे लागलो. तो पुढच्या वळणावरून कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये शिरला, मीही शिरलो. गल्ली अरुंद, दोन्हीकडे पत्र्याच्या शेडी, आत यंत्रांचा खडखडाट. इथे कोणी ओरडलं तर शेजारच्या गाळ्यात ऐकू जाणार नाही, हा विचार मला नेमका तिथेच का सुचावा? टेम्पोच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले. माझ्यावर रोखलेले.

टेम्पो थांबला. दार उघडलं. ड्रायव्हर उतरला आणि, देवाशपथ सांगतो, त्याच्या हातात लोखंडी आकडा होता! हातभर लांब, टोकाला वाकलेला.

जन्मभर मंत्र्यांना उभं-आडवं घेतलेला माणूस मी, एका पिंपाच्या आडोशाला उभा राहून बंद फोनवर "हो हो, भाजी आणतो" म्हणत होतो!

मग स्कूटर वळवली आणि सुटलो. आरशात पाहतो तर मागे निळा टेम्पो! मी डावीकडे, तो डावीकडे. मी नाक्यावर, तो नाक्यावर. टिक, टिक. घाबरून परत तोच वळसा घेतला, तर पुन्हा मागे हजर! डोळ्यांसमोर उद्याचा पेपर दिसायला लागला. 'पत्रकाराचा अपघाती मृत्यू'. आणि तोही आतल्या पानावर, एक कॉलम!

शेवटी नाक्यावरच्या वाहतूक हवालदाराच्या अंगावरच स्कूटर घातली. "साहेब, वाचवा! हा मला मारायला येतोय!"

मागे करकचून ब्रेक. ड्रायव्हर उडी मारून खाली. "साहेब, वाचवा! हा मानूस सकाळपासून माझ्या मागं लागलाय!"

"एकेक जण बोला," हवालदार म्हणाले. "आणि तू आधी तो आकडा खाली ठेव."

"बर्फाच्या लाद्या ओढायचा आकडा हाय तो! राजोडीला होडीवाले बर्फासाठी थांबलेत. आनि हा बघावं तेव्हा मागं! मला वाटलं हप्तेवाला. तोंड बघा ना त्याचं!"

मी भडकलो. "मग नाक्याला गोल गोल का फिरतोस?"

"हौस हाय मला! अवो काका, पलीकडं वळायची वाटच बंद केलीये. दुभाजकात शिमिटाचे ठोकळे टाकलेत. पुढून वळतो, गाळ्यांतून फिरतो, परत हितंच येतो. राजोडीला काय, नुसतं पानी नेऊ?"

ताडपत्रीखालून खरंच धार लागली होती. मी मान वळवली. रिक्षा, शाळेची बस, सिलिंडरची गाडी... सगळे तेच! सगळा नाका स्वतःभोवती फिरत होता.

"हे ठोकळे कोणी ठेवले?" मी हवालदारांना विचारलं.

"मी ड्यूटीवर आलो तेव्हा होतेच," ते म्हणाले, आणि शिट्टी मारून टेम्पोला उलट्या बाजूने वाट करून दिली.

जाता जाता ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काका, आता मागं येऊ नका हां. लई भ्या वाटतं तुमचं!"

मी मोजणीवाल्या बाईंकडे गेलो. "तोच टेम्पो पुन्हा पुन्हा कसा मोजलात?"

"आम्हाला चेहरे नाही, गाड्या मोजायच्या असतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि टेम्पोचं काय घेऊन बसलात, काका? तुमची स्कूटर तरी कुठे सोडली मी?"

म्हणजे मोजणी फुगवणाऱ्यांना पकडायला निघालेला मी, सकाळभर पेट्रोल जाळून ती फुकटात फुगवत होतो!

आणि तेव्हा खरी भीती वाटली. लोखंडी आकड्याची नव्हे. लबाडी झालीच असेल तर ती टेम्पोत नव्हतीच, दुभाजकात होती. माझ्या नाकासमोर! दुसऱ्या दिवशी फोटो काढायला धावलो, तर वाट मोकळी, ठोकळे गायब. फोनमध्ये काय होतं माझ्या? निळ्या टेम्पोचं ढुंगण. वेगवेगळ्या कोनांतून.

पहिल्या पानावर त्या दिवशी मुळ्याच्या भावाची बातमी गेली. पुलाचा निधी पुढे तत्त्वतः मंजूर झाला. पूल हवाच आहे, त्यात वाद नाही. पण मोजणीच्या दिवशी ते ठोकळे कोणी ठेवले आणि संपल्यावर कोणी उचलले, हे मी तीन कार्यालयांत लेखी विचारलं आहे. अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.